पाच गजांची खिडकी

अमरावतीत मी घर बांधलं तेव्हा गवंड्याशी माझं एकाच गोष्टीवरून वाजलं. पुढच्या खोलीत उत्तरेला मला एक खिडकी हवी होती. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल इतकी खाली, आणि तिला उभे पाच लोखंडी गज. चार नको, सहा नको. गवंडी म्हणाला, "डाक्टरसाहेब, उत्तरेले तं भिंतच बरी. आन् इतकी खाली खिडकी केली तं कुत्रं येईन ना घरात."

मी म्हटलं, येऊ दे. त्याचेही डोळे तपासीन.

ती खिडकी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. अकोल्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरातून मी ती मनानं उचलून आणली आहे. ते घर एका म्हाताऱ्या मुसलमान बाईचं होतं. सारं अकोलं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचं. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या हातयंत्रावर, कापूस ओढणाऱ्या बाया म्हणायच्या, हमाल म्हणायचे, कापसाचे व्यापारीही म्हणायचे. तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. तिनं माझं विचारलं होतं, पण ते लक्षात ठेवण्याच्या भानगडीत ती पडली नाही.

खालाला एकच डोळा होता. डावा लहानपणी देवी आल्या तेव्हा गेला. उरलेल्या उजव्या डोळ्यावर ती साऱ्या गावचे डोळे पाहायची. तिचे वडील अचलपूरला डोळ्यांची दवा करायचे. उतारवयात त्यांची नजर मंदावली, तेव्हा रोग्याच्या डोळ्यात पाहून काय दिसतं ते ही पोरगी सांगायची आणि ते दवा करायचे. तिची शाळा एवढीच.

तिची रीत अशी. रोग्याला उत्तरेच्या खिडकीकडे तोंड करून बसवायचं. आपण त्याच्या बाजूला, खांद्याला खांदा लागेल इतकं जवळ बसायचं, आणि त्याच्या डोळ्यात खिडकी शोधायची. उत्तरेला ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. त्या उजेडात बुबुळावर खिडकीचं इवलंसं चित्र उमटतं, पाच गजांसकट. बुबुळाच्या पुढं जी स्वच्छ, फुगीर काच असते, तिला आम्ही कॉलेजात कॉर्निया म्हणत होतो. खाला नुसतं काच म्हणायची. काच धड असेल तर पाचही गज सरळ दिसतात. तिच्यावर ओरखडा असेल तर गज तिथं मोडतो, जुना व्रण असेल तर वाकतो, सूज असेल तर पुसट होतो. आणि काचेवर कायमचा पांढरा डाग पडला, म्हणजे लोक ज्याला फूल पडलं म्हणतात ते झालं, की तिथं गज धुक्यात शिरल्यासारखा दिसेनासा होतो.

"डोळा बोलत नाही," ती म्हणायची, "चमकते. चमक पाह्य त्याची."

माणसांची तोंडं तिच्या लक्षात राहत नसत. डोळे राहत. बाजारात कुणी सलाम केला की ती त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन आधी डोळ्यात पाहायची आणि मग म्हणायची, "अरे, तू तं दुसरा पुसट! बरा हाय का?" लोक हसायचे. ती हसायची नाही. तिच्या लेखी ती ओळखच होती.

पण तिचा एक नियम होता. गजांची संख्या कधी खोटी सांगायची नाही. बाकी काहीही खोटं सांगा. दवा गोड आहे म्हणा, चार दिवसांत बरा होशील म्हणा. पण रोग्यानं "किती?" म्हणून विचारलं, तर असतील तितकेच गज सांगायचे.

*

मी अकोल्यात आलो ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. अमेरिकेत आपापसातली लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून सगळ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली होती. अकोल्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. गल्लीगल्लीत कापसाच्या गाड्या अडकलेल्या, घराघराच्या ओसरीवर हातरेचे करकरत असलेले. व्यापाऱ्यांनी हौसेनं वर्गणी काढून दवाखाना उघडला आणि त्यावर मला नेमलं.

मी कोण? अकोटच्या बाजूचा कुणब्याचा पोरगा. माझ्या बापाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, आणि मला मेलेल्या माणसाच्या डोळ्याचे पापुद्रे एकेक करून सोडवता येत होते. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिला, आणि मुंबईच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलेला तर आमच्या साऱ्या पंचक्रोशीत पहिला. ती पदवी मी पत्र्याच्या नळीत घालून टेबलावर उभी करून ठेवत असे. आज हसू येतं, पण लाज वाटत नाही. जिथून मी आलो तिथून त्या टेबलापर्यंत कुणी चालत आलेलं नव्हतं.

दवाखान्यात ताप यायचा, जुलाब यायचे, मोडलेले हात यायचे. डोळे मात्र येत नसत. आणि गावात डोळ्यांचाच हंगाम होता! भाव चढलेला, म्हणून कापूस घाईत वेचलेला. त्यात वाळका पाला, बोंडाच्या टरफलांचे तुकडे. रेच्यातून ते टणकन उडायचे आणि बायांच्या डोळ्यात जायचे. अशा बाया तोंडाला पदर लावून माझ्या दवाखान्यावरून पुढं जायच्या. कुठं जातात म्हणून चौकशी केली तेव्हा खालाचं नाव कळलं.

मी तिला समज द्यायला गेलो. कोट घालून गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "बाई, डोळा नाजूक असतो. शिक्षण नसताना त्याला हात लावणं बरं नाही."

तिनं वर पाहिलं. "बस," म्हणाली.

"मी बसायला नाही आलो."

"मंग उभा काहून राहिला? उजेड अडून राहिला ना. बस, खिडकीकडं तोंड कर."

कसा कोण जाणे, मी बसलो. ती माझ्या बाजूला येऊन बसली. अंगाला कापराचा आणि जिऱ्याचा वास. आधी माझा डावा डोळा पाहिला, मग उजवा. उजव्यापाशी ती थांबली.

"चौथा वाकडा हाय तुहा," ती म्हणाली. "मधीच कंबर मोडली त्याची. लहानपणी काय गेलं होतं डोळ्यात?"

मी सात-आठ वर्षांचा असताना ज्वारीच्या ताटाचं पान फटकन डोळ्यात बसलं होतं. पंधरा दिवस डोळा उघडला नव्हता. आईशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं, मीही विसरलो होतो. कॉलेजात सूक्ष्मदर्शकातून पाहताना उजव्या डोळ्यानं मला नेहमी कडा फाटलेली दिसायची. मी समजत होतो की यंत्रच जुनं आहे.

"ज्वारी," मी म्हणालो.

"जवारीच असन. काटा असता तं याहून खोल गेला असता." ती पुन्हा सुपाकडे वळली. "जाय आता. समज देणार होता ना? दिली समज."

त्या दिवसापासून माझं नाव चौथा पडलं. "काय रे चौथ्या, जेवला का?" भर बाजारात. पदवी पत्र्याच्या नळीतच राहिली.

*

तिच्या एकेक तऱ्हा सांगाव्या तेवढ्या थोड्या. डोळा चोळणाऱ्याचा तिला भयंकर राग. ती म्हणायची, कचरा गेल्यानं डोळा जात नाही, चोळल्यानं जाते. म्हणून ज्याच्या काचेवर जखम असेल त्याच्या मनगटाला ती घुंगरू बांधून द्यायची. हात डोळ्याकडं गेला की घुंगरू वाजायचा, आणि घरातलं कुणीतरी ओरडायचं. थंडीच्या दिवसांत अकोल्याच्या रस्त्यानं मिशाळ गाडीवान मनगटात घुंगरू बांधून हिंडताना दिसत. परगावचा माणूस चकित व्हायचा. आम्हाला त्यात काही वाटत नसे.

खिडकीवर तिचा फार जीव. रोज सकाळी ती गज ओल्या फडक्यानं पुसायची. खिडकीपलीकडची मोकळी जागा एका शेठची होती. तेजी आली तशी शेठनं तिथं कापसाची गंजी लावली, थेट खिडकीच्या वर जाईल एवढी. उजेड गेला. खाला त्याच्याकडं गेली, शेठ म्हणाला, "खाला, एक हंगाम काढा. अकोल्यात वीतभर जागा राहिली नाही." ती परत आली आणि आलेल्या रोग्यांना सांगू लागली, "आज नाही दिसत. शेठले इचारा कधी दिसन ते."

आठवडा झाला नसेल. स्वतःच्याच रेच्यापाशी उभ्या असलेल्या शेठच्या डोळ्यात टरफल उडालं. डोळ्यावर उपरणं दाबून तो धावत आला. तेव्हा मी तिथंच होतो.

"खाला, जल्दी पाह्य! डोळा जळून राहिला!"

खालानं त्याला अगदी रीतसर खिडकीसमोर बसवलं. डोळ्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"शेठजी, मले तं गज दिसतच नाही. नुस्ता कापूस दिसून राहिला."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमच्या डोळ्यात तुमचाच माल भरला हाय. पयले तो खाली करा, मंग आतलं टरफल सापडते का पायते."

"मस्करी नोका करू खाला!"

"मस्करी नाही. अंधारात सळई घातली तं डोळा जाईन. घालू?"

शेठनं बसल्या जागेवरून हमालांना हाका मारल्या. गंजी हलेपर्यंत दुपार झाली. तोवर तो डोळा मिटून, मनगटात घुंगरू बांधून बसला होता, आणि दर वेळी हात वर गेला की खाला आतून ओरडायची, "शेठजी!" उजेड आला. तिसऱ्या गजावर टरफल बसलेलं स्पष्ट दिसलं. तिनं मऊ फडक्याच्या टोकानं ते एका झटक्यात उचललं. त्या जागेवर पुन्हा कधी गंजी लागली नाही.

*

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गंगू नावाची रेच्यावरची बाई. खालाकडं जायची सोडून ती माझ्याकडं आली, कारण तिच्या मुकादमाला शिकलेल्या डॉक्टरची दवा हवी होती. माझी छाती फुगली. डोळा लाल होता. मी दिवा धरून समोरून पाहिलं, साधी लाली आहे असं ठरवलं, आणि शिशाचं औषधी पाणी डोळ्यात सोडलं. लालीवर ते पाणी त्या काळी सगळेच देत. पण काचेवर जखम असेल तर देऊ नये, हे पुस्तकात लिहिलेलं होतं, मला पाठ होतं. मला जखम दिसलीच नाही. शिसं त्या जखमेत बसलं. चुन्याचा थेंब सुकावा तसा पांढरा, कधीही न जाणारा ठिपका. गंगूचा तो डोळा गेला.

मी तिला घेऊन खालाकडं गेलो. खालानं पाहिलं. मला वाटलं होतं ती मला दारातून हाकलून देईल.

"खिडकीसमोर बसवली होती का इले?"

"नाही."

"काहून?"

तुमची रीत मला कमीपणाची वाटली, हे कसं सांगणार?

"उद्यापासून सकाळी इथी येत जाय," ती म्हणाली. "पयले इथी मोज. मंग तिथी जाऊन दवा दे."

एवढंच. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. गंगूनं मात्र काढला. मुकादमानं तिला कामावर ठेवलं नाही, तेव्हा खालानं तिला घरी ठेवून घेतलं. शेक द्यायला पाणी तापवायचं, रोग्यांची डोकी धरायची. मी दिसलो की गंगू पदर सावरून म्हणायची, "या डाक्टरबाप्पा. एक डोळा राहिला माहा, तो कधी नेता?" पहिले काही महिने मला ते ऐकवत नसे. मग मला कळलं, ती मला क्षमा करत नव्हती, पण मला घरातला समजत होती. आणि दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

मी वर्षभर रोज सकाळी तिथं बसलो. खाला आधी मला पाहायला लावायची, "किती?" विचारायची, मग स्वतः पाहायची. सुरुवातीला माझे आणि तिचे आकडे जुळत नसत. पुढं जुळू लागले. तिच्या घरचं पाणी मी पहिल्यांदा कधी प्यालो ते आठवत नाही. आईला मात्र मी ते तिच्या शेवटापर्यंत सांगितलं नाही.

*

दुसऱ्या हंगामात, थंडी कडाक्याची असताना, एका सकाळी गंगू दवाखान्यात आली. त्या दिवशी तिनं टोमणा मारला नाही.

"खालानं बलावलं. आत्ता."

मी गेलो. खाला खिडकीकडं तोंड करून बसली होती. रोग्याच्या जागेवर. मी तिला त्या जागेवर कधी पाहिलं नव्हतं.

"मोज," ती म्हणाली.

मी तिच्या बाजूला बसलो आणि तिच्या त्या एकुलत्या डोळ्यात पाहिलं. नंतर पुन्हा पाहिलं.

"खाला, जरा वर बघा."

"मी इचारलं, किती."

"चार धड आहेत."

"कोणता गेला?"

"तिसरा. मधोमध तुटलाय. मोहरीच्या दाण्याएवढी जागा आहे."

"कडा कशा?"

"करड्या. पाण्यात भिजल्यासारख्या."

"चार दिस झाले. बोंडाचं टरफलच होतं. काढलं मी आपल्या हातानं. आरशात पाहाले गेली, तं आरसाच पुसट दिसून राहिला."

"चोळला का?"

"झोपीत चोळला असन." मग जराशी हसून, "माह्या हाताले घुंगरू कोण बांधन?"

तशी जखम मी ओळखत होतो. वाळल्या पाल्याची, टरफलाची जखम चिघळत जाते, कडा सडवत आत शिरते. एकदा ती काचेच्या आरपार गेली की डोळा रिकामा होतो. खालाला दुसरा डोळा नव्हता.

"कडा खरवडा लागन," ती म्हणाली. "बापाची सळई डबीत हाय. गंगू, ती विस्तवावरून फिरवून निवव."

"दवाखान्यात क्लोरोफॉर्म आहे," मी म्हणालो. "तुम्हाला झोपवून..."

"मले झोपवलं तं तुले सांगन कोण?"

गंगूनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घट्ट धरलं. मी चांदीची बोथट सळई हातात घेतली. माझ्यासमोर खालाचा डोळा होता, आणि त्याच्या बरोबर वर, वितीभर अंतरावर, गंगूचा मी घालवलेला डोळा. सळईचं टोक हलू लागलं.

"हात कापून राहिला का?" खालानं विचारलं.

"नाही."

"खोटं नोको बोलू. ठेव खाली. डोळा काई पळून नाही जात." मी हात मांडीवर ठेवला. ती तशीच, डोळा उघडा ठेवून, छताकडं पाहत म्हणाली, "तुह्या मायचं नाव काय?"

"सावित्री."

"यंदा घरी काय पेरलं?"

"बापानं सगळी कापसाची पऱ्हाटी लावली. ज्वारी नाहीच. घरात खायला विकत आणतात."

"पागल झाले सारे." ती म्हणाली. "तुह्या डोळ्यात ताट लागलं, तवा मायनं काय केलं होतं?"

"मांडीवर घेऊन बसली होती. पंधरा दिवस. हात धरून ठेवायची."

"हां," खाला म्हणाली. "आता उचल."

मी उचलली. हात हलला नाही.

"हळू... तिथीच... थोडा खाली जाय. आणखीन. थांब." तिच्या डोळ्यातून पाण्याची एक धार कानाकडं गेली, पण पापणी हलली नाही. "झालं? कडा कशी दिसते?"

"स्वच्छ."

"मंग आता रडू नोको. माह्या तोंडावर पाणी पडून राहिलं."

दवेवरून आमचं भांडण झालं. मी विलायतेहून येणारे बेलाडोनाचे थेंब काढले. तिनं बाटलीचा वास घेतला. "हा तं धोतऱ्याचा भाऊ हाय. इतक्या दुरून काहून आणला?" तिला मेळघाटचा मध हवा होता. शेवटी सकाळी माझी दवा, संध्याकाळी तिची, असं ठरलं. शेक दोघांचाही. डोळ्यावर पट्टी. आणि मी स्वतः तिच्या मनगटाला घुंगरू बांधला.

पहिले तीन दिवस घुंगरू सारखा वाजायचा आणि गंगू सारखी ओरडायची. चौथ्या दिवसापासून तो वाजेनासा झाला. मला समाधान वाटलं. पट्टी बदलायला गेलो की डोळा सुधारत होता. सहाव्या दिवशी मात्र तो पुन्हा लाल झाला. कडेला नवी करडी रेघ.

"हे कसं झालं? हात तर लागला नाही!"

गंगू भिंतीकडं पाहू लागली. मग तिच्यानं राहवेना. "घुंगरू पाहा, डाक्टरबाप्पा."

मी खालाचं मनगट धरून हलवलं. आवाज नाही. घुंगराच्या चिरेत कापूस गच्च भरलेला होता.

"कुणी भरला?"

"मीच," खाला म्हणाली. "अकोटाहून एक माय आली होती, पोट्टं घेऊन. रातभर गाडीत बसून. त्याच्या डोळ्यात काडी होती. तू दवाखान्यात होता. गंगूले दिसते कमी. मंग पट्टी काढून मीच पाहिलं."

"मला बोलवायचं होतं!"

"तवापर्यंत पोट्टं चोळत होतं ना."

माझं डोकं फिरलं. "खाला, तू वेडी आहेस का? एकच डोळा आहे तुला! एकच!"

तोवर मी तिला कधी तू म्हटलं नव्हतं. ती माझ्या आवाजाच्या दिशेनं वळली.

"आता बेटा झाला," ती म्हणाली. मग म्हणाली, "चार होते त्या पोट्ट्याच्या डोळ्यात. आता पाच हायेत."

जखम पुढं भरली. आणखी पंधरा-वीस दिवस लागले. डोळा राहिला. मी पट्टी शेवटची सोडली, तेव्हा ती आपली आपण खिडकीसमोर जाऊन बसली.

"किती?"

मला खोटं बोलायचं होतं. देवाशपथ सांगतो, फार वाटलं होतं.

"पाच," मी म्हणालो. "पण तिसऱ्याच्या मधे धुकं आहे. फूल राहणार."

"केवढं?"

"मसुरीच्या डाळीएवढं."

"बाहुलीवर?"

"बाहुलीवर."

तिनं मान हलवली. हात पुढं करून खिडकीचे गज चाचपले, एक, दोन, तीन, चार, पाच. "मले हे दिसून राहिले," म्हणाली. "मोठाले दिसते. बारीक नाही." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "खरं सांगितलं. बरं केलं."

पट्टी काढून त्या पोराला पाहिलं नसतं तर फूल लहान राहिलं असतं का, बाहुलीच्या बाहेर राहिलं असतं का, हे मी आयुष्यभर स्वतःला विचारत आलो आहे. तिनं एकदाही विचारलं नाही.

*

त्यानंतर रोग्याच्या बाजूला मी बसू लागलो आणि खाला माझ्या मागं, भिंतीला टेकून. "किती?" ती विचारायची. मी सांगायचो. "कोणता? कडा कशी? चमक हाय का मेली?" आणि मग ती दवा सांगायची. अचलपूरला पोरीनं पाहायचं आणि बापानं दवा करायची, तसंच. फक्त आता बापाच्या जागी ती होती. माणसांची तोंडं तिला आधीही आठवत नसत, आता डोळेही दिसेनासे झाले. आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करायची आणि चुकायची. मी आलो की मात्र पायरीवरच ओळखायची. "आला चौथा वाकडा," म्हणायची. गंगू म्हणायची, "त्याईच्या जोड्याचा आवाज साऱ्या अकोल्यात जाते, त्यात काय मोठं."

मग अमेरिकेतली लढाई मिटल्याची तार आली. भाव कोसळले. व्यापाऱ्यांचा दवाखान्यातला जीव उडाला, दाराला कुलूप लागलं. मला अमरावतीला नोकरी मिळाली. खाला माझ्यासोबत येणार नाही, हे मला विचारण्याआधीच ठाऊक होतं. तरी विचारलं. ती म्हणाली, "तिथी खिडकी कशी असन, कोण जाणे."

निघायच्या दिवशी सकाळी मी पाया पडायला गेलो. गंगूनं शिदोरी बांधली होती. तिच्या एका डोळ्यात पाणी होतं, दुसऱ्यात तो पांढरा ठिपका. "जा डाक्टरबाप्पा," ती म्हणाली, "अमरावतीच्या लोकाईचे डोळे सांभाळा. आमचे पाहून झाले."

खाला म्हणाली, "बस. खिडकीकडं तोंड कर."

मी बसलो, पहिल्या दिवशी बसलो होतो त्याच जागी. ती चाचपडत माझ्या बाजूला आली. दोन्ही तळहातांत माझं तोंड धरलं. कापराचा आणि जिऱ्याचा तोच वास. तिनं आपला डोळा माझ्या उजव्या डोळ्याजवळ आणला, इतका जवळ की तिच्या पापणीचे केस माझ्या पापणीला लागले. इतक्या जवळून कुणालाच काही दिसत नाही. ती बराच वेळ पाहत राहिली.

"पाच," ती म्हणाली. "पाचही सीधे."

तिनं तळहात काढले नाहीत.

"बरोबर ना रे?"

"बरोबर, खाला," मी म्हणालो. "पाचही सरळ."

त्या खिडकीसमोर बसून गजांबद्दल मी खोटं बोललो, ते तेवढं एकदाच.